गिरणी बंद पडल्याच्या नोंदी

सोमवार, २ ऑगस्ट १९७१. मिरजगाव.

गिरणी सुरू होऊन आज चार दिवस झाले. कारखाना सोडताना स्टोअरकीपरनं दोन कोरी लॉगबुकं निरोपाला दिली होती (चोरली नाहीत), त्यातलं एक आज काढलं. श्रीरामपूरकडच्या साखर कारखान्यात एकोणीस वर्षं फिटर होतो. यंत्र म्हटलं की वही पाहिजे, ही सवय आता जायची नाही.

गिरणी हिच्या डोक्यातली. बाहेर मी उलटं सांगतो, पण इथं खरं लिहायला हरकत नाही. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये हिनं सोळा वर्षं काढली. आम्हाला मूलबाळ नाही. मग बारशाला बोलावणं नाही, डोहाळजेवणाला बोलावणं नाही. शेजारणी तोंडावर गोड बोलायच्या आणि लेकरू पदराआड घ्यायच्या. गेल्या दिवाळीला ही म्हणाली, "अहो, तुमच्या गावाला गिरनी टाकू. गिरनीत दळान घेऊन कुनीबी आलंच पायजे. बसंल, दोन शब्द बोलंल." मी हसलो होतो. आता बघतो तर गिरणी म्हणजे हिचं माहेरच झालंय. दळण ओतते, पीठ भरते, आणि बायकांचं ऐकत बसते. काल एकीनं हिच्या मांडीवर पोर टाकलं आणि स्वतः बाजारात निघून गेली. ही तासभर हलली नाही.

मोटर दहा हॉर्सपॉवरची, दगड नवे. बांधणी सगळी माझ्या हातची. भिंतीवर स्टार्टर (मोटर चालू-बंद करायचा डबा), आणि बरोबर त्याच्याखाली एक कोनाडा ठेवून गणपतीची तसबीर बसवली. हिला कोनाडा दाराजवळ हवा होता. मी म्हटलं, देवानं ज्याला सांभाळायचं त्याच्याजवळच बसावं की. हिनं ऐकलं.

बुधवार, ४ ऑगस्ट.

बरी चालली आहे. पट्ट्याच्या वाऱ्यानं हिचं निरांजन सारखं विझतं म्हणून हिची चिडचिड चालली होती. आज कुंभाराकडून एक खोलगट पणती आणली, तळहाताएवढी. तेल किती खाईल देव जाणे.

गुरुवार, ५ ऑगस्ट.

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी गिरणी आपोआप बंद पडली. लंकाबाईची बाजरी निम्मी दगडात, निम्मी वर.

स्टार्टरमध्ये ओव्हरलोड नावाचा एक भाग असतो. मोटरीवर ताण आला, वीज जास्त ओढली गेली, की त्यातली पट्टी तापून वाकते आणि मोटर बंद करते. मोटर जळू नये म्हणून केलेली सोय. म्हणजे ओव्हरलोड पडला याचा अर्थ कुठंतरी ताण आहे. मी पाच मिनिटं थांबून पुन्हा चालू केली. दहा मिनिटांत पुन्हा बंद. मग अकराच्या सुमारास चालू केली ती संध्याकाळपर्यंत कुरकुर न करता चालली.

माझा अंदाज, पट्टा फार घट्ट आहे. उद्या सैल करतो. साधी गोष्ट आहे.

सोमवार, ९ ऑगस्ट.

साधी गोष्ट नाही. पट्टा सैल केला, तरी शुक्रवारी सकाळी दोनदा बंद. शनिवारी बेअरिंगला ग्रीस भरलं, तरी बंद. काल दगड उचलून पुन्हा बसवले, आज सकाळी सव्वानऊला बंद. आमचे इंजिनिअरसाहेब सांगायचे, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा, नाहीतर दुरुस्त झालं तरी का झालं ते कळायचं नाही. तसंच करतोय. लिहायला भरपूर मिळतंय.

दुपारी लाइनमन गहिनीनाथ आला. त्याच्याकडचा मीटर तारेला लावून आम्ही दोघं बघत बसलो. दाब बरोबर, तिन्ही तारांतली वीज बरोबर. संध्याकाळी दिवेलागणीनंतर आमच्या डोळ्यांदेखत गिरणी बंद पडली आणि मीटरचा काटा तोपर्यंत जागचा हललाही नव्हता. गहिनीनाथ म्हणाला, "फिटरसाहेब, ताण न्हाई आन् ताणाचा खटका पडतोय. हे काय माझ्या बुकात न्हाई." माझ्याही नाही. पण मी तसं म्हटलं नाही. म्हटलं, बघतो.

 गिरणी बंद पडली की ही आधी पणतीत तेल घालून हात जोडते, मग बायकांना चहा करते.

रविवार, १५ ऑगस्ट.

जमलं! गुरुवार ते आज, चार दिवस गिरणी एकदाही थांबली नाही. बुधवारी रात्री मोटरीच्या बुडाचे बोल्ट आवळले होते, त्यातला एक जरा ढिला होता. त्याचाच सगळा खेळ. गहिनीनाथला बोलावून सांगितलं, थोडं ऐटीतच सांगितलं.

ही गुरुवारपासून बाहेर बसली आहे, त्यामुळे दळण ओतायला, पीठ भरायला, चुलीला आणि देवाला मी एकटाच. देवाचं तर जमलंच नाही. भाकरी थापतो ती आफ्रिका खंडासारखी होते. हिनं मागच्या ओट्यावरून बघून पदर तोंडाला लावला. हसू दे. चार दिवस हिनं गिरणीचा आवाज नुसता ऐकला आणि ओट्यावरून दोनदा विचारलं, "बंद पडली न्हाई ना?"

सोमवार, १६ ऑगस्ट.

बोल्टचा खेळ नव्हता.

सकाळी ही न्हाऊन आली, कोनाडा पुसला, दिवाबत्ती केली आणि हौसेनं दळणाच्या रांगेपाशी जाऊन बसली. नऊ पंचवीसला गिरणी बंद. गोजरबाई समोरच होती. गोजरबाई म्हणजे आमच्या आळीची सत्तरीची म्हातारी, जिभेला हाड नाही, पण अडल्यानडल्याला पहिली धावणारी. ती म्हणाली, "चार दिस कशी बिनघोर चालली! आन् आज पुष्पी आली की रुसली." सगळ्या हसल्या. हीसुद्धा हसली.

मी गहिनीनाथला तोंड दाखवलं नाही.

सोमवार, २३ ऑगस्ट.

शनिवारी नगरला जाऊन नवा ओव्हरलोड आणला. जुन्यात काहीतरी खोट असणार, त्याशिवाय ताण नसताना खटका पडणार कसा? काल बसवला. आज सकाळी नऊ दहाला बंद. नवा कोरा भाग! रागानं पाना फेकला तो पिठाच्या डब्यात जाऊन पडला. तो शोधण्यात अर्धा तास गेला, बायका खिदळत होत्या.

नवीन म्हणजे आता आधीपेक्षा लवकर आणि जास्त वेळा बंद पडते. ही फार मनाला लावून घ्यायला लागली आहे. उद्या गणपती बसायचे म्हणून हिनं भावाला कळवून माहेरची पितळेची समई मागवली होती, ती आज आली. पाच वाती लावून कोनाड्यात ठेवली आणि म्हणाली, "आता तरी त्यानं ऐकावं." मी म्हटलं, "त्याला ऐकू येतंय, मोटरीला येत नाही."

गुरुवार, २ सप्टेंबर.

नगरहून मोटरीचे मिस्त्री राधाकृष्ण आले. मला माझ्याच यंत्रासाठी दुसरा माणूस बोलवावा लागला. त्यांनी मोटर उघडली. वाइंडिंग तपासलं. दोष नाही. तारांची टोकं तपासली. दोष नाही. स्टार्टरचा डबा उघडून हात लावला आणि म्हणाले, "गरम लागतोय जरा." मी म्हटलं, दिवसभर वीज खेळते, गरम लागणारच. त्यांनीही मान हलवली. जाताना म्हणाले, "जागा बदलून बघा." गिरणी काय पाट आहे, उचलून दुसरीकडं मांडायला!

रांग निम्म्यावर आली. बाकीच्या बायका अडीच मैलांवरच्या गिरणीत डोक्यावरून दळण नेतात. ही दारात उभी राहून त्यांच्याकडं बघत राहते.

रविवार, १२ सप्टेंबर.

हे लिहू की नको असं दोन तास चाललं होतं. लिहितो. वही खोटी ठेवायची नाही.

गुरुवारपासून ही पुन्हा बाहेर बसली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, गिरणी एकदाही बंद पडली नाही. या वेळी मी काहीही बदललं नव्हतं. आज दुपारी गोजरबाई एकटीच होती. तिनं मला जवळ बोलावलं आणि हळू म्हणाली, "रंगनाथ, राग मानू नको बाबा. तुजी बायको बाहेर बसली की गिरनी चालती. न्हाऊन आत आली की बंद. आमी सगळ्या बोलतो. तू शिकलेला, तुला दिसत न्हाई व्हय?"

मी तिला झिडकारलं. म्हटलं, यंत्राला असलं काही कळत नसतं. ती गेल्यावर वही काढली आणि पहिल्या पानापासून वाचत आलो. बंद पडण्याच्या सगळ्या नोंदी हिच्या असण्याच्या दिवसांच्या. ५ ऑगस्टनंतर न पडण्याचे आठ दिवस, आठच्या आठ, हिच्या नसण्याचे. एकोणीस वर्षं मी अशाच नोंदींवरून दोष काढत आलो. कागदावर इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं.

मी अशा गोष्टी मानत नाही. लहानपणी कुणाचा पाय चांगला, कुणाचा वाईट असलं बोलणाऱ्या आत्याशी मी भांडलेला आहे. तरी आज ही ओट्यावरून "भाकरी करपली का हो?" म्हणाली तेव्हा मी हिच्याकडं बघितलं ते नेहमीसारखं बघितलं नाही. मला माझी लाज वाटली. पण बघितलं.

मंगळवार, १४ सप्टेंबर.

काल ही आत आली आणि नऊ वाजता बंद. मी ओरडलो. हिच्यावर नाही, मोटरीवर, पण तोंड हिच्याकडं होतं. रांगेतल्या बायका पटापट डबे उचलून गेल्या. एकीनं हिच्या मांडीवर ठेवलेलं पोर काही न बोलता काढून घेतलं. ते मी बघितलं, हिनंही बघितलं.

संध्याकाळी मी म्हटलं, "पितृपंधरवडा चालू आहे. तुझ्या वडलांचं श्राद्ध गुरुवारी ना? दरवर्षी राहतं. आठ-दहा दिवस नेवाश्याला जाऊन ये."

ही थोडा वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "आठ का धा?"

"बघ तुला कसं वाटतंय तसं."

"बरं." मग तांदळातला खडा बाजूला ठेवून म्हणाली, "मागारी बोलवाल तवा येते."

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे मी कशाला केलं ते मला ठाऊक आहे, ते वेगळं लिहायची गरज नाही. आज सकाळच्या यष्टीत हिला बसवून दिलं. खिडकीतून म्हणाली, "देवाच्या दिव्याचं तेवढं बघा."

शनिवार, १८ सप्टेंबर.

मंगळवार दुपारपासून आजपर्यंत गिरणी सुरळीत. पहाटेपासून रांग, दुसऱ्या गिरणीला गेलेल्या बायकाही परत आल्या. गोजरबाई नुसती माझ्याकडं बघून मान हलवते. तिला वाईट वाटतंय हे दिसतं.

जे हवं होतं ते मिळालं. जेवण जात नाही. गिरणी चालू असली की घरघर ऐकून डोकं उठतं आणि मनात येतं, बंद पड, एकदा बंद पड. कसला फिटर मी!

सोमवार, २० सप्टेंबर. घटस्थापना.

घरी घट बसवला, मला येतो तसा. मग आठवलं, हिनं देवाच्या दिव्याचं सांगितलं होतं आणि आठवडाभर मी कोनाड्याकडं ढुंकून बघितलं नाही. गणपतीच्या तसबिरीवर पिठाचा थर. पुसली. समई घासली, पाच वाती, काठोकाठ तेल, हिच्यासारखी. साडेआठला लावली आणि गिरणी चालू केली.

नऊ वाजून बारा मिनिटांनी बंद पडली.

मी पहिल्यांदा काय केलं ते लिहितो. मोठ्यानं हसलो. ही साठ-सत्तर मैलांवर नेवाश्यात आणि गिरणी बंद पडली! लंकाबाई दळण घेऊन उभी होती, तिला वाटलं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बंद पडली, लंकाबाई! आपोआप बंद पडली!" ती म्हणाली, "मग त्यात नाचायसारखं काय हाय?"

मग सवयीनं पुढं झालो, स्टार्टरच्या डब्याच्या बुडाला हात लावला आणि चटका बसला. वर गरम, बाजूला कोमट, बुडाला चटका. बुडाला मी तार आत घ्यायला भोक पाडलं होतं, ते मोठं झालं होतं आणि मी बुजवलं नव्हतं. त्या भोकाच्या बरोबर खाली समईच्या पाच ज्योती. ओव्हरलोडची पट्टी तापून वाकते. विजेनं तापो नाहीतर दिव्यानं, पट्टीला काय कळतंय! ताण आला असंच तिला वाटणार.

दिवा विझवला. थांबलो. चालू केली. दोन तास चालली. दिवा लावला. चाळीस मिनिटांत बंद. पुन्हा विझवला, पुन्हा चालली. तीनदा केलं. बाहेर बसण्याच्या दिवसांत ही दिवा लावत नव्हती. गिरणी थांबली की ही तेल जास्त घालत होती, मग पणतीची समई केली. जितकं जास्त बंद पडे, तितकं देवाला जास्त विनवत होती.

पाच महिन्यांचं पोर असो की पन्नास वर्षांचा माणूस, बघितलं असतं तर कुणालाही दिसलं असतं. रोज माझ्या डोळ्यांसमोर जळत होता तो दिवा. कोनाडा तिथं करायला लावणारा मी. भोक उघडं ठेवणारा मी. आणि आठवडाभर नेवाश्यात बसलीय ती.

उद्याच्या पहिल्या यष्टीनं निघतो.

बुधवार, २२ सप्टेंबर.

काल दुपारी नेवाश्याला पोचलो. मेहुणा मच्छिंद्र दारातच भेटला. "दाजी, बरं झालं आलात. अक्का धड जेवत न्हाई. काय झालंय ते सांगतबी न्हाई."

ही मागं गोठ्यापाशी भांडी घासत होती. मला बघून उठली नाही. पहिला प्रश्न विचारला तो हा, "गिरनी चालती का?"

"चालती."

"मग झालं." आणि राखेचा हात पुन्हा भांड्यावर. "मी न्हाई येत. तुमी काय इचार करू नका. हितं मला काय कमी हाय?"

मी सगळं एका दमात सांगणार होतो, पण तोंडातून निघालं एवढंच, "मी तुला श्राद्धाला पाठवलं नव्हतं."

"म्हाईत हाय मला. गोजरबाईच्या आदी कळलं हुतं मला. पयल्याच महिन्यात. मी बाहेर बसले की चालती, मी आत आले की बंद. म्हनून तर समई आनली." ही माझ्याकडं बघत नव्हती. "क्वार्टरमधल्या बाया म्हनायच्या ते मी कधी मनावर घेतलं न्हाई. वाटायचं, बोलतात बाया. पन मोटारीला काय माज्यासंगं भांडान हाय? ती कशाला खोटं बोलंल?"

मी तिथंच शेणात बसलो. दिव्याचं सांगितलं. डब्याचं भोक, पट्टी, चाळीस मिनिटं, तीनदा केलेली तपासणी. ही ऐकत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "म्हंजी मी जेवढा जास्त दिवा लावला तेवढी ती..."

"हो."

ही हसायला लागली. पदर तोंडात घालून हसली, आणि मग ते हसू राहिलं नाही. मच्छिंद्र धावत आला. मी त्याला हातानं थांबवलं.

सावरल्यावर म्हणाली, "वहीत माजं नाव लिवलं हुतं का तुमी?"

"लिहिलं होतं."

"खोडू नका. पट्टा तपासला, दोष न्हाई, असं लिवता ना? तसं माजंबी लिवा."

"तू काय पट्टा आहेस का?"

"तसंच धरलं ना पन तुमी?" मग म्हणाली, "आन् फुकाचं लिवू नका, तपासून लिवा. दिवा लावून तुमी दिव्याचं बघितलं. माजं कुठं बघितलं? दिवा न्हाई, मी हाय, आन् समोर समद्या बाया, गोजरबाई पयली. दिवसभर. तसं बघा."

मी म्हटलं, त्याची काही गरज नाही, मला कळलं आहे.

"तुमाला न्हाई गरज. मला हाय. तुमी सांगून त्या लेकरू देतील व्हय माज्या मांडीवर?"

"आणि दुसऱ्याच कशानं बंद पडली तर? यंत्र आहे."

"तर संध्याकाळच्या यष्टीनं मी हितं परत. मग नेवासा बरं."

हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. हिचं बरोबर होतं. इंजिनिअरसाहेबांनीही हेच सांगितलं असतं. आज दोघं परत आलो.

शुक्रवार, २४ सप्टेंबर.

काल दिवसभर फिरून मी स्वतः घरोघरी सांगितलं, शुक्रवारी दळण आणा आणि बसायलाच या. गोजरबाईला म्हटलं, तुझं सगळ्यात मोठं दळण आण. भोक पत्रा ठोकून बुजवलं. काल रात्री बेअरिंग, पट्टा, तारा, सगळं तीनदा तपासलं. झोप लागली नाही.

आठ वाजता चालू केली. कोनाडा रिकामा, समई घरात देवापाशी. मी सगळ्यांसमोर दिव्याचं सांगितलं आणि हेही सांगितलं की चूक माझी, कोनाडा मी केला. काहींना पटलं, काहींनी एकमेकींकडं बघितलं. ही दळणाच्या रांगेपाशी बसली. इकडं तिकडं नाही, अगदी मोटरीजवळ. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. सगळ्यांचं लक्ष हिच्यावर आणि हिचं लक्ष पिठावर. दहा, अकरा, बारा. बायका हळूहळू गप्पांना लागल्या. कुणी भाकरी सोडल्या. मला वाटलं, झालं, जिंकलो.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी गिरणी बंद पडली.

पट्टा फिरत फिरत थांबला. एकोणीस वर्षं फिटर राहिलेला मी, माझी नजर पहिल्यांदा गेली ती स्टार्टरकडं, हिच्याकडं नाही. ही उठली. हात पुसले, पदर नीट केला, चप्पल पायात घातली.  दारापर्यंत गेली होती. मी उडी मारून हिचं मनगट धरलं. सगळ्या बायांदेखत. सोळा वर्षांत चारचौघांत मी हिचा हात कधी धरला नव्हता.

तेवढ्यात गोजरबाई ओरडली, "आगं ए, कुठं निगालीस? वर बघ की! बल्ब बी गेलाय!"

सगळ्यांनी वर बघितलं. माळवदाचा बल्ब विझलेला. शेजारच्या हॉटेलातला रेडिओही बंद.

"समद्या गावची लाइट गेलीय," गोजरबाई म्हणाली. "ती काय तुज्यापायी गेली? तू काय वीजबोर्डाची मालकीन लागून गेली व्हय?"

बायका हसल्या, एकीचं बघून दुसरी. मी अजून मनगट धरून उभाच. गोजरबाई मला म्हणाली, "आन् तू हात सोड की तिचा. पळून चाललीय व्हय ती?"

ही म्हणाली, "चालले हुते."

हसणं थांबलं. गोजरबाईनं हिच्याकडं बघितलं. मग आपल्या बाजरीच्या पोत्यावर एका अंगाला सरकली, शेजारची जागा हातानं झटकली आणि म्हणाली, "बस हितं."

ही बसली. वीज साडेचारला आली. तोपर्यंत एकाही बाईनं आपलं दळण उचललं नाही.